लाल वर्तुळातली शाळा

जबाब
दिनांक ०१/१२/२०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव बब्रुवान रामलिंग साखरे, वय ७४ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शिपाई (जिल्हा परिषद केंद्रीय प्राथमिक शाळा), शिक्षण चौथी पास, राहणार मौजे टेंभुर्डी, तालुका व जिल्हा धाराशिव. मोबाईल नंबर नाही.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन, कोणी बोलावणे धाडलेले नसताना, स्वतःच्या पायाने येऊन सांगतो की, मी वरील ठिकाणी एकटाच राहतो. पत्नी वारली आहे. मुलगा पुण्यास नोकरीस आहे. दिनांक २०/११/२०२५ रोजी गावालगतच्या विमानपट्टीवर जो प्रकार घडला, त्याबाबत शिवकन्या बलभीम तोडकर, वय २९, हिने दिलेला जबाब पूर्ण खरा नाही. तो तिने मला वाचवण्यासाठी तसा दिला आहे. खरे काय ते मला माहीत आहे. ते सांगण्यास मी अकरा दिवस उशीर केला.

मी टेंभुर्डीच्या शाळेत सन १९७७ पासून सन २०११ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे शिपाई होतो. सकाळी कुलूप काढणे, झाडणे, आडाचे पाणी ओढून रांजण भरणे, टोल देणे आणि हेडसरांची सूचना वर्गावर्गात फिरवणे, ही माझी कामे होती. शाळेला घंटा नव्हती. दारातल्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता, त्याखाली दगडी ओटा होता. त्या ओट्यावर उभे राहून मी हातोडीने टोल देत असे. शाळेला खोल्या तीनच. बाकीचे वर्ग पडवीत आणि लिंबाखाली बसत. मी पडवीत स्टुलावर बसून असे. त्यामुळे सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता मला वाचून नव्हे तर ऐकून पाठ झाल्या. अजून आहेत. पहाटे जाग आली की एकेक इयत्ता म्हणत पडतो.

मुद्द्याचे सांगा, असे हवालदार मॅडमनी म्हटल्यावरून सांगतो की, हे मुद्द्याचेच आहे.

शाळेतले तात्याराव गुरुजी स्वतः कविता करीत. त्यांनी आमच्या शाळेवर चार ओळींची कविता केली होती. ती कोणत्याही पुस्तकात नाही. शनिवारी शेवटच्या तासाला सगळी शाळा मिळून ती म्हणत असे. कविता चालू असताना वेळ झाली तरी मी टोल देत नसे. हातोडी हातात असे, नजर घड्याळावर असे, पण शेवटची ओळ होईपर्यंत हात उचलत नसे. हेडसर एकदा म्हणाले, "बब्रुवान, घड्याळ सरकारचं हाय. तुझ्या कवितेसाठी थांबत न्हाय ते." मी म्हणालो, "घड्याळ न्हाय थांबत सर, मी थांबतो." अर्ध्या मिनिटाने कोणाचे काही बिघडत नसे. सवय तशीच राहिली. या सवयीचा पुढे संबंध येतो.

दुसरी गोष्ट सूचनेची. हेडसर सूचना वहीत लिहीत व मी ती वही घेऊन वर्गावर्गात जात असे. गुरुजींनी वाचून सही करायची असा नियम. परंतु प्रत्यक्षात मी दारात उभा राहून जे सांगे तेच सगळे धरून चालत. "उद्या सुट्टी हाय" म्हणालो की मुले ओरडत आणि वही कोणी उघडूनही बघत नसे. मी कधी एक अक्षर इकडचे तिकडे सांगितले नाही. त्यामुळे गावात असे झाले होते की, बब्रुवानमामाने सांगितले म्हणजे ऑफिसने सांगितले. शाळेतली सगळी मुले मला मामा म्हणत. शिवकन्या ही त्यांपैकीच. तिची चौथीपर्यंतची शाळा त्याच जुन्या इमारतीत झाली.

सन २००७ साली विमानपट्टी लांब केली तेव्हा शाळेची जागा तारेच्या कुंपणाच्या आत गेली. शाळा पाडली. नवी शाळा गावाच्या उगवतीला बांधून मिळाली, तिला सात खोल्या आहेत व वर पक्के छत आहे. मुलांचे चांगले झाले. याबाबत माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. लिंब तोडताना मी रजेवर होतो. रजा त्यासाठीच घेतली होती.

पट्टीवर विमान चालवायला शिकवतात. मी रोज दुपारी कुंपणाबाहेरच्या बाभळीखाली जाऊन बसतो. आत पाहिले तर गवत दिसते. गेटवरचा पहारेकरी बिराप्पा हा मला ओळखतो. तो म्हणे, "अज्जा, काय बघता रोज? तिथं काय न्हाय. गवत हाय." मी म्हणे, "गवताखाली हाय." तो हसे.

शिवकन्या ही पतीच्या निधनानंतर पाच वर्षांपासून माहेरी आहे. तिने ड्रोन चालवण्याचे सरकारमान्य प्रशिक्षण घेतले, परीक्षा दिली व तिला रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळाले. आमच्या भागात ती पहिलीच. ते प्रमाणपत्र तिने चौकट करून घरात तुळजाभवानीच्या फोटोशेजारी लावले आहे. अकरा बायकांच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळालेला आहे, तो चालवण्याचा अधिकार एकट्या शिवकन्येला आहे. याशिवाय तिच्याकडे पिकांचे फोटो काढण्याचा लहान कॅमेऱ्याचा ड्रोन आहे. प्रत्येक उड्डाण ती वहीत लिहिते. तिचे अक्षर शाळेत होते तसेच गोल आहे.

ती नियमाला किती पक्की आहे याचे उदाहरण सांगतो. मोबाईलवर सरकारचा एक नकाशा असतो. तो तिने मला दाखवला होता. विमानपट्टीभोवती लाल वर्तुळ, त्याबाहेर पिवळे, त्याबाहेर हिरवे. ती म्हणाली, "मामा, हिरव्यात मोकळं. पिवळ्यात विमानवाल्यांना इचारून. लालात वरून परवानगी आल्याबिगर न्हाईच." मी विचारले, "आपलं गाव?" ती म्हणाली, "पुरं लालात." त्यामुळे फवारणीला ती डोंगरापलीकडच्या शिवारात जाते. टेम्पोत ड्रोन घालून बारा किलोमीटर. स्वतःच्या वडिलांच्या, बलभीम यांच्या तुरीवर पाठीवरच्या पंपाने फवारते.

गेल्या वैशाखात सरपंच अमरसिंह यांच्या घरी लग्न होते. वरातीचे वरून चित्रण करून दे म्हणाले. ती नाही म्हणाली. त्यावर भर मांडवात ते म्हणाले, "काय गं शिवकन्या, आपल्या आभाळाला तारेचं कंपाउंड कधी घातलं?" ती म्हणाली, "आभाळाला न्हाय अण्णा, माझ्या लायसनला." लोक हसले. नंतर बाहेरगावच्या फोटोवाल्याने त्याच वरातीवर ड्रोन उडवला. त्याचे नाव मला माहीत नाही. त्याला कोणी काही विचारले नाही.

अशा मुलीला मी लालात उतरवले.

तात्याराव गुरुजी यंदा श्रावणात वारले. त्यांच्या तेराव्याला त्यांच्या पत्नी मुक्ताबाई मला म्हणाल्या, "शाळेवरची ती कविता आता तुम्हालाच येते बघा भावजी. मला दोनच ओळी आठवतात." त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतले की शाळेची जागा एकदा वरून बघावी. शिवकन्येने मला कधीतरी सांगितले होते की, जमिनीत जुना पाया असला तर पावसाळा सरताना त्यावरचे गवत आधी वाळते आणि वरून त्याच्या रेघा दिसतात. जमिनीवर उभ्या माणसाला त्या कळत नाहीत. मी हे ऐकले आणि मला झोप लागेना.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले. ती म्हणाली, "मामा, दुसरं काय बी मागा." आठ दिवसांनी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "गवत दर साली वाळतंय मामा. पळून चाललं न्हाय कुठं." मी म्हणालो, "गवत न्हाय गं, मी चाललोय." हे बोलायला नको होते. ती बराच वेळ ड्रोनची पाती पुसत बसली. मग म्हणाली, "लेखी परवानगी आणा. कागद दिसला की उडवते."

त्याप्रमाणे दिनांक १७/११/२०२५ रोजी मी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून विमानपट्टीच्या गेटवर गेलो. बिराप्पाने तो आवक वहीत नोंदवून घेतला. म्हणाला, "अज्जा, हे हितल्या हाती न्हाय. वर जातंय. म्हैना लागंल, दोन बी लागतील. आणि हो म्हणतील असं न्हाय." मी विचारले, "तोवर गवत?" तो म्हणाला, "गवताचं मी काय सांगू?" सदर अर्ज त्या वहीत आजही असेल. त्यावर उत्तर आलेले नाही. परवानगी नव्हती हे मला ठाऊक होते, याला तो कागद पुरावा आहे. तो तपासात घ्यावा अशी विनंती आहे.

घरी जाताना वाटेत हापशावर शिवकन्या फवारणीची टाकी धूत होती. तिने लांबूनच विचारले, "काय झालं वो मामा?"

मी म्हणालो, "झालं. होकार आला. गुरुवारी दुपारी दोन ते अडीच."

हे मी ठरवून म्हणालो नाही. पण म्हणालो मीच. आणि ज्या आवाजात म्हणालो तो माझा घरातला आवाज नव्हता, वर्गाच्या दारात उभे राहून सूचना सांगण्याचा होता. तिने विचारले, "कागद?" मी म्हणालो, "कागद फाईलला लागला. आपल्याला तोंडी सांगितलंय." ती हसली. म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणजे झालंच की." टाकी उपडी करून ती घरी गेली.

गुरुवारची दुपार मी का सांगितली तेही सांगतो. मी सहा वर्षे बाभळीखाली बसतो. दीड ते तीन विमान उडत नाही, शिकणारी मुले जेवायला जातात, असे माझे पाहणे होते. ते पाहणे खरे असते तरी मला सांगण्याचा अधिकार नव्हता.

दिनांक २०/११/२०२५ रोजी सकाळी ती माझ्या घरी आली. पुन्हा विचारले, "मामा, दोन ते अडीचच ना? पक्कं?" मी म्हणालो, "पक्कं." दुपारी शिवकन्येच्या मोबाईलप्रमाणे एक वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही दोघे बाभळीखाली पोहोचलो. ड्रोन खाली ठेवून, पाती उघडून, हात कमरेवर ठेवून तिने तिसऱ्यांदा विचारले. "परवानगी हाय ना मामा? माझ्या गळ्याची शपथ." मी शपथ घेतली नाही. मी म्हणालो, "उशीर करू नको, वेळ ठरवून दिलीय." तीन वेळा तिने विचारले, तीन वेळा मी खोटे सांगितले. तिच्या जबाबात यातले काही नाही.

दोन वाजून दोन मिनिटांनी ड्रोन वर गेला. वहीत तिने तशी नोंद केलेली आहे. ऊन असल्याने तिच्या हातातल्या मोबाईलवर मला काही दिसेना. म्हणून मी डोक्याचा टॉवेल काढून माझ्या डोक्यावरून मोबाईलवर धरला आणि त्याखाली वाकलो. ती मान वर करून ड्रोनकडे बघत होती. बाभळीच्या अंगाने सूर्य होता. मला आभाळ दिसत नव्हते. मला फक्त मोबाईलची चौकट दिसत होती.

आधी नुसते गवत. मग ती म्हणाली, "मामा, बघा." हिरवट गवतात पिवळ्या रेघा होत्या. सरळ, काटकोनात, लहान मुलाने पाटीवर घर काढावे तशा. मी मोजले. खोल्या तीन. पुढे पडवीची लांब रेघ. आडाच्या जागी गोल. लिंबाच्या जागी काही नव्हते, पण ओट्याचा लहान चौकोन होता. त्यावर मी उभा राहत असे. माझे पाय केवढेसे असतील, असे त्या वेळी माझ्या मनात आले.

मी कविता म्हणू लागलो. ती अशी आहे.

तीन खोल्या, एक पडवी, दारी लिंबाची सावली,
टोलाखाली पाटी-दप्तर, टोल जणू माउली,
इकडे आड, तिकडे वाट, मधे काळाभोर फळा,

एवढ्यात शिवकन्या म्हणाली, "मामा, आवाज येतोय. विमान हाय. आणू का खाली?"

मलाही ऐकू आला होता. मी म्हणालो, "थांब. एक ओळ राहिली."

ती थांबली. मला मामा म्हणते म्हणून थांबली. लहानपणापासून तिला ठाऊक आहे की, कविता पुरी होईपर्यंत मामा टोल देत नाही. चौथ्या ओळीत गुरुजींनी आभाळातल्या पाखरांना काही विचारलेले आहे. ती ओळ मी सावकाश म्हणालो. किती वेळ गेला हे घड्याळ नसल्याने सांगता येत नाही. अर्धे मिनिट गेले असावे.

त्यानंतर ती ओरडली, चौकटीतले चित्र गरगर फिरले आणि बंद झाले. टॉवेल बाजूला केला तेव्हा विमान आमच्या डोक्यावरून एकदम वर चढत होते. ड्रोन कुंपणाच्या आत गवतात पडला होता. विमानाने एक फेरी मारली व ते पुन्हा उतरायला आले. जमिनीवर आदळून उसळले, पुन्हा आदळले, पट्टी सोडून कडेला गेले आणि तिरके होऊन थांबले. पुढचे चाक मोडलेले दिसले. धूळ बसायला वेळ लागला. आतून कोणी बाहेर येते का हे आम्ही बघत होतो. शिवकन्येने माझा दंड धरला होता. एक मुलगी बाहेर आली, दोन पावले चालली आणि खाली बसली. तेव्हा शिवकन्येने दंड सोडला.

आतून जीप निघाली. शिवकन्या म्हणाली, "मामा, तुम्ही घरी जा."

मी म्हणालो, "आणि तू?"

"मी हाय हितंच. जावा म्हणते ना! तुरीतनं जावा, दिसणार न्हाय."

मी गेलो.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तुरीतून जेवढ्या वेगाने जाऊ शकतो त्याहून जास्त वेगाने गेलो. मागे वळून पाहिले नाही. टॉवेल तिथेच राहिला. पंचनाम्यात एक पांढरा टॉवेल जप्त दाखवला आहे असे समजते. तो माझा आहे.

त्याच संध्याकाळी तिला ठाण्यात आणले. तिने सांगितले की, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हौसेने उडवला, सोबत कोणी नव्हते. तिचा मोबाईल व ड्रोन जप्त आहे. मोबाईलमध्ये चित्रण आहे, त्यात आवाज नाही असे समजते. त्यामुळे मी बोललो नसतो तर हे कधीच कोणाला कळले नसते. हा विचार अकरा दिवसांत माझ्या मनात अनेकदा आला, हेही लिहून घ्यावे.

दिनांक २४/११/२०२५ रोजी मी शिवकन्येच्या घरी गेलो. गटाच्या चार-पाच बायका ओसरीवर बसल्या होत्या. तुरीची फवारणी ऐन भरात आहे, पण फवारणीचा ड्रोन ताडपत्रीखाली होता. चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रमाणपत्र निलंबित केल्याचे पत्र आले होते. दोष सिद्ध झाल्यास ते कायमचे रद्द होईल, असे त्यात लिहिले होते. भिंतीवर भवानीच्या फोटोशेजारची चौकट तशीच होती. बायकांपैकी एकजण म्हणाली, "या मामा, बसा. आमची शाळा सुटली बघा अर्ध्यातच." कोणी हसले नाही.

शिवकन्येला मी बाजूला घेऊन म्हणालो की, मी ठाण्यात जातो. ती म्हणाली, "काय करणार जाऊन? ह्या वयात बाकड्यावर बसवतील."

मी म्हणालो, "खोटं मी बोललो."

ती म्हणाली, "तुम्ही बोलला, पण उडवला मी. नियम मला पाठ होते, तुम्हाला न्हाईत. कागद दिसल्याबिगर उडवायचा न्हाय, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं ना? मग तुमच्या आवाजावर उडवला. त्या पत्रात खुलाशाचे रकाने हाईत मामा, बॅटरी गेली, सिग्नल गेला, वारा आला. मामानं सांगितलं, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

तिने चहा दिला. मी प्यालो.

दिनांक २७/११/२०२५ रोजी मी एस.टी.ने शहरातल्या दवाखान्यात गेलो. विमान चालवणारी मुलगी आरोही देशमाने, वय २०, राहणार नांदेडकडची, हिच्या कपाळाला चार टाके पडले आहेत व डावे मनगट प्लास्टरमध्ये आहे. त्या दिवशी ती विमानात पहिल्यांदाच एकटी होती, असे तिच्या आईकडून समजले. सरांशिवाय, एकटी. पहिल्यांदा एकटे उडायचे म्हणून त्या वेळी पट्टीवर दुसरे कोणतेच विमान नको, यासाठी मुद्दाम जेवणाची वेळ निवडली होती. मी त्यांना गावचा म्हातारा, चौकशीला आलो, एवढेच सांगितले. सोबत सहा मोसंबी नेली होती. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, मला ते ड्रोन वाटलंच नाही. मला वाटलं घार आहे. सर म्हणतात, पक्षी आपण होऊन बाजूला होतात. मी वाट बघितली, ती बाजूला होईना." मग विचारले, "तुमच्याकडे घारी खूप आहेत का हो?"

मी म्हणालो, "पूर्वी होत्या."

पुन्हा विमानात बसणार का, असे मी विचारले नाही. तिच्या आईने माझ्याकडे बघून मान हलवली, तिचा अर्थ मला लागला नाही.

त्यानंतर चार दिवसांनी, म्हणजे आज, मी हजर झालो आहे. मधले तीन दिवस मी बाभळीखालीही गेलो नाही. घरात बसून राहिलो. पहाटे इयत्ता म्हणायला घेतल्या तर गुरुजींची कविता मधेच येते, म्हणून म्हणणे बंद केले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, शिवकन्या बलभीम तोडकर हिने परवानगीची खात्री तीन वेळा केली. तिने ज्याला विचारले तो मी, चौतीस वर्षे सरकारी सूचना सांगणारा माणूस. त्या मानाचा मी गैरवापर केला. विमानाचा आवाज आल्यावर तिने ड्रोन खाली आणण्याचे विचारले होते, मी तिला थांबवले. तिचे प्रमाणपत्र राहावे की जावे हे ठरवणारे जे कोणी साहेब असतील त्यांच्यापुढे हा जबाब ठेवावा. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. मोबाईलमधले शाळेचे चित्रण मला नको. ते मुद्देमालातच राहू द्यावे.

सदर जबाब महिला पोलीस हवालदार नंदा कसबे यांनी संगणकावर घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. हापशावरच्या परिच्छेदात त्यांनी "परवानगी मिळाली असा माझा गैरसमज झाला" असे घातले होते. मी त्यांना थांबवले. त्या म्हणाल्या, "बाबा, तुमच्या वयाकडं बघून घातलंय. राहू द्या की." मी म्हणालो, "मॅडम, गैरसमज झाला न्हाय." ते वाक्य काढून मी सांगितले तसे घातले. दुसरे म्हणजे कवितेच्या तीनच ओळी झाल्या आहेत, चौथी सांगा, रिकामी जागा ठेवली आहे, असे त्या म्हणाल्या. ती ओळ मी सांगितली नाही व रिकामी जागा काढून टाकण्यास सांगितले. त्याव्यतिरिक्त जे लिहिले ते माझ्या तोंडचे आहे, मी ऐकले, ते खरे आहे. खाली सही करतो.

(सही)
बब्रुवान रामलिंग साखरे

समक्ष
नंदा कसबे, महिला पोलीस हवालदार
वेळ दुपारी १.५५